स्तेफन, सिप्रियन आणि आमचा ट्रेवर

आजच्या सोहळ्याच्या अध्यक्षा आदरणीय कमलिनीताई, प्रमुख पाहुणे माननीय शशिकांत साहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते सत्कारमूर्ती रेमंड सर, त्यांच्या पत्नी हिल्डा आंटी, व्यासपीठावरील सर्व मान्यवर आणि समोर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो…

एवढं आपल्या सूत्रसंचालक चैत्रालीताईंनी लिहून दिलं होतं. ते वाचून झालं. पुढचं माझं आहे, ते तुम्हाला माझ्याच भाषेत ऐकावं लागेल.

पहिलं सांगते, मी तीन दिवस झोपली नाय. माझी अंतरा सात महिन्यांची आहे. ती बघा, मागच्या दाराजवळ, तिच्या पप्पांच्या खांद्यावर. तिच्या काळजाला भोक आहे. रविवारी सकाळी ऑपरेशन. आज शुक्रवार. डोळा लागला की वाटतं, मी झोपेत असताना हिचा श्वास थांबला तर? म्हणून तिच्या छातीवर हात ठेवून बसून राहते. बालाजी, म्हणजे माझा नवरा, बोलतो, "अगं, तू न्हाई झोपलीस तर रविवारी तुलाच ॲडमिट करावं लागंल." पण झोप काय ऑर्डर दिली की येते?

कमलिनीताई मघाशी बोलल्या, "लवीना, तू घरी जा बाई, आम्ही समजून घेऊ." मी बोलली, ताई, मला बोलायचंय. सरांचे उपकार आहेत. आणि माझं तुमच्याकडे एक काम पण आहे. ते शेवटी सांगते, नायतर तुम्ही सरांचं सोडून माझंच ऐकत बसाल.

आता साहेब बोलले की एकोणतीस वर्षांत सरांच्या स्टोअरमधून एक नट चुकीचा बाहेर गेला नाय. असेल. मी कंपनीचं काय सांगू? मी आठवीपर्यंत शिकलेली. वसईला नंदाखालची. इथे कतारमध्ये उम्म सलाल मोहम्मदला एका खोलीत राहते, बालाजी लुसैलच्या टॉवरांमध्ये एसीचं काम करतो. मला सर माहीत आहेत ते चर्चच्या इतिहासाच्या शुक्रवारच्या वर्गाचे. आणि त्या वर्गात मी गेली ती चुकून.

इथे बसलेले सगळे काही आमच्या धर्माचे नाहीत, म्हणून सांगते. दोहाला आमची सगळी चर्चेस एकाच आवारात आहेत. एक भिंत, तिच्या आत सगळे. बाहेरून क्रॉस दिसत नाय. सुट्टी शुक्रवारी, म्हणून आमचा रविवार पण शुक्रवारीच. मंडळी शंभर प्रकारची आणि खोल्या मोजक्या, म्हणून दर तासाला खोली बदलते. मल्याळी उठले की फिलिपिनो, ते उठले की तामिळ, मग आमची हिंदी प्रार्थना. एक गट खुर्च्या सरकवत बाहेर पडतो, दुसरा डबे घेऊन आत शिरतो.

गेल्या वर्षी रमजान लागला आणि सगळे टाइम बदलले. बालाजी ड्युटीवर. मी पोटुशी, एकटी गेली, नेहमीच्या खोलीत, नेहमीच्या वेळेला जाऊन बसली. पुढे एक पांढऱ्या केसांचा माणूस फळ्यावर लिहीत होता. मला वाटलं नवीन पास्टर. दहा मिनिटांनी कळलं की हा आमचा पास्टर नसणार, कारण हा ओरडतच नव्हता.

हसू नका. खरंच सांगते.

सरांनी विचारलं, "नवीन दिसता. कुठल्या तुम्ही?"

"नंदाखाल."

"अरे वा. मग बरोबर आलात."

"नाय सर, चुकून आली. माझी खोली ही नाय."

सर बोलले, "रोममध्ये पण असंच व्हायचं. बसा."

आता मला सांगा, असं कोणी बोललं तर माणूस उठून जाईल का? रोममध्ये काय व्हायचं? मी बसली. मनात बोलली, एवढं ऐकते आणि जाते. ते मी वर्षभर ऐकत बसली.

सरांनी फळ्यावर काय काढलं होतं माहिताय? आपल्याच आवाराचं शुक्रवारचं टाइमटेबल. सात वाजता अमुक, आठ वाजता तमुक. सगळं काढून झाल्यावर वर लिहिलं, रोम. बोलले, पहिली दोन-अडीचशे वर्षं रोममध्ये चर्चची मोठी बिल्डिंगच नव्हती. लोक कोणाच्या तरी घरी जमायचे. एक गट या गल्लीत, दुसरा नदीपलीकडे. आणि त्यातले बरेचसे रोमचे नव्हतेच! बाहेरून आलेले. व्यापारी, कारागीर, विकत आणलेले गुलाम. रोममध्ये राहून प्रार्थना करायचे ग्रीक भाषेत. गावाकडून जी भाषा आणली ती. प्रत्येक गटाचा शिक्षक वेगळा, पुस्तकं थोडी वेगळी, उपासाची पद्धत वेगळी.

मी हात वर केला. आठवीनंतर पहिल्यांदा. बोलली, "सर, म्हणजे आपल्यासारखंच की. परक्या देशात, एकेका खोलीत."

सर बोलले, "हो. आणि भांडणं पण आपल्यासारखीच."

बस. तिथून मला नाद लागला. मी लहानपणापासून समजत होती की आधी एकच चर्च होतं, आमचं, वसईवालं, आणि मग बाकीचे लोक बिघडले. बालाजीचा पास्टर सांगतो की आधी एकच होतं, त्यांच्यासारखं, आणि मग आम्ही बिघडलो. आणि सर सांगत होते की पहिल्यापासूनच दहा तऱ्हा होत्या! मला तर गंमतच वाटली. मी घरी जाऊन भाकऱ्या करता करता बालाजीला सांगायची, "ऐक ना, आज काय झालं रोममध्ये." तो बोलायचा, "आज काय झालं ते सांग, भाजी आणली का ते सांग."

एकदा सरांनी ईस्टरचं सांगितलं. पोलिकार्प नावाचे एक म्हातारे बिशप, ऐंशीच्या पुढचे, आशियातून, म्हणजे आताच्या तुर्कस्तानातून, समुद्र ओलांडून रोमला आले. कशाला? तर ईस्टर कधी करायचा, यावर बोलायला. त्यांच्याकडे ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या दिवशीच करायचे, मग वार कुठलाही असो. रोमचा बिशप होता अनिसेत, तो बोलला, आमच्याकडे तसं नाय. दोघं बसले, बोलले. कोणीच कोणाचं ऐकलं नाय. मग काय झालं असेल? मारामारी? नाय. अनिसेत बोलला, आज माझ्या चर्चमध्ये प्रसादाची प्रार्थना तुम्हीच चालवा. त्या म्हाताऱ्याला पुढे उभं केलं. आणि मग दोघं आपापल्या मताने, प्रेमाने वेगळे झाले.

मी विचारलं, "सर, शेवटी बरोबर कोण होतं?"

सर बोलले, "लवीना, तुला बरोबर कोण ते पाहिजे, का पुढे काय झालं ते पाहिजे?"

मी बोलली, "दोन्ही."

हिल्डा आंटी मागून बोलल्या, "ही तुम्हाला पुरून उरणार आहे, रेमंड." आंटी तशा वर्गात फक्त चहाला यायच्या, पण लक्ष सगळं असायचं. अंतराच्या काळजाचं पण मला डॉक्टरच्या आधी आंटींनीच समजावलं. तीस वर्षं नर्स. बोलल्या, "भोक आहे म्हणजे दोन खोल्यांच्या मधलं दार उघडं राहिलंय. ते लावायचं." मला डॉक्टरचं इंग्लिश कळलं नाय, हे कळलं.

आता मधे माझी गोष्ट सांगावी लागेल, त्याशिवाय पुढचं रोम कळणार नाय.

आमच्यात मूल झालं की थोड्याच दिवसांत त्याला चर्चमध्ये नेऊन डोक्यावर पाणी घालतात. बाप्तिस्मा. एकदाच, जन्मात एकदा. माझा पण झाला, पप्पांनी मांडीवर घेऊन केला. पप्पा मी पाच वर्षांची असताना गेले. मग मला वाढवलं माझ्या मोठ्या भावाने, ट्रेवरने. चाफ्याची बाग आहे आमची, पहाटे फुलं काढायची, विकायची, त्यातून माझ्या वह्या, माझे फ्रॉक, सगळं. माझी वेणी पण तोच घालायचा. वाकडी.

आणि मला आवडला बालाजी. लातूरकडचा, घरचा हिंदू, पण एका प्रार्थना मंडळीत जाऊन विश्वासात आलेला. नाव तेच ठेवलं. त्यांच्या मंडळीत लहान मुलांना पाणी घालत नाहीत. मोठं होऊन स्वतःच्या तोंडाने बोलायचं, मग टाकीत पूर्ण बुडवतात. लग्नाआधी पास्टर बोलला, लवीना, तुझं लहानपणीचं पाणी हे पाणीच नव्हे. मी बालाजीसाठी टाकीत उतरली. बुडवली, बाहेर काढली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तीन वर्षं झाली.

ट्रेवरला कळलं. तो ओरडला नाय. बालाजीकडे बघून बोलला, "नाव बालाजी आणि मला येशू शिकवतो!" मग माझ्याकडे वळला. बोलला, "पप्पांनी केलं ते खोटं होतं काय गं? तुला दुसरं पाणी लागलं, मग आता आमच्याकडचं पाणी पण पिऊ नको." आणि आत गेला. लग्नाला आला नाय. त्या दिवसापासून माझ्याशी बोलला नाय. त्याला भाची झाली, हे पण त्याला शेजाऱ्यांनी सांगितलं.

हे मी सरांना सांगितलं नव्हतं. कोणालाच नाय. आणि एका शुक्रवारी, पावसाळा होता तिकडे, इथे तर बाहेर उभं राहवत नव्हतं, सरांनी फळ्यावर लिहिलं, दुसरं पाणी.

माझ्या अंगावर काटा आला. मला वाटलं वसईवरून कोणीतरी सांगितलं यांना.

गोष्ट अशी. इसवी सन दोनशे पन्नास. रोमच्या बादशहाने हुकूम काढला, सगळ्यांनी देवांपुढे धूप-नैवेद्य करायचा आणि केल्याचा कागद घ्यायचा. साक्षीदारांच्या सहीसकट. ते कागद इजिप्तच्या वाळूत सापडलेत अजून, बायकांच्या नावाचे पण आहेत. आता आपल्यातल्या किती जणींना वाटेल, कागद घेऊन टाकूया? मला विचारा. कडेवर लेकरू असताना दारात शिपाई आला, तर मी धूप काय, अख्खी अगरबत्तीची पुडी पेटवली असती. खूप लोकांनी घेतला कागद. मग वर्षभरात हुकूम थंडावला आणि ते लोक रडत परत आले, आम्हाला आत घ्या. रोममध्ये दोन पार्ट्या झाल्या. एक बिशप बोलला, पश्चात्ताप केला ना, घ्या आत. नोव्हाशियन नावाचा दुसरा बोलला, नाय म्हणजे नाय, चर्च स्वच्छ लोकांचं. त्याने आपलं वेगळं चर्च काढलं, वेगळा बिशप झाला, आणि लोकांना पाणी पण घालायला लागला.

मग खरा घोळ. त्याच्याकडे पाणी घेतलेले लोक काही वर्षांनी इकडे यायला लागले. त्यांना परत पाणी घालायचं का? समुद्रापलीकडे आफ्रिकेत कार्थेज नावाचं शहर, तिथला बिशप सिप्रियन. तो बोलला, घालायचं. तिकडचं पाणी हे पाणीच नव्हे. रोमचा बिशप स्तेफन बोलला, अजिबात नाय. येशूच्या नावाने एकदा पडलं ते पडलं, घालणारा कोण का असेना. डोक्यावर हात ठेवा आणि आत घ्या.

मी एकदम बोलली, "स्तेफन बरोबर आहे!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला स्वतःलाच कळेना मी काय बोलली. कारण तो पास्टर म्हणजे सिप्रियन, आणि स्तेफन म्हणजे आमचा ट्रेवर. मी दोन वर्षं मनात ट्रेवरशी भांडत होती, आणि तोंडातून निघालं हे.

सर बोलले, "हो, पुढे चर्चने स्तेफनचंच धरलं. पण थांब. सिप्रियनने आपली माणसं समुद्र ओलांडून रोमला पाठवली, बोलणी करायला. स्तेफनने त्यांना भेट दिली नाही. एका बिशपच्या पत्रात लिहिलंय, त्याने आपल्या लोकांना सांगितलं, या माणसांना कोणी घरात पण घ्यायचं नाही."

बघा. बरोबर पण तोच, आणि दार लावून घेणारा पण तोच. मला हसू आलं आणि रडू पण आलं. सेम टू सेम ट्रेवर.

मी विचारलं, "सर, मग परत कधी बोलले ते?"

सरांनी खडू खाली ठेवला. बोलले, "नाही बोलले. वर्षभरात स्तेफन गेला. त्याच्या पुढच्या वर्षी सिप्रियनला बादशहाच्या माणसांनी मारलं. आता दोघंही संत आहेत, दोघांचेही सण आहेत."

मी बोलली, "संत होऊन काय करायचं सर? बोलले तर नाय ना."

सरांनी फळा पुसला. वर्ग सुटल्यावर मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "घरी कोण आहे?" तेव्हा मी सगळं सांगितलं. त्यांनी तेव्हा मला धर्म सांगितला नाय, हे माझ्यासाठी फार मोठं आहे. एवढंच बोलले, "तू दुसऱ्यांदा उतरलीस म्हणून पहिलं पुसलं गेलं नाही. आणि बालाजीला टाकून देऊ नकोस या नादात." मी बोलली, "सर, मला टाकायचा नायच आहे तो. चांगला आहे. भाजी पण चिरतो."

मग अंतरा झाली, आणि आम्ही दोघं तिच्या पाण्याचं काही बोललोच नाय. मी घाबरायची विषय काढायला, तो पण. ऑपरेशनची तारीख मिळाली त्या दिवशी मी बोलली, "बालाजी, मला हिला पाणी घालायचंय. पास्टर काय बोलेल?"

त्याने अंतराला माझ्याकडून घेतलं. मग बोलला, "पास्टरचं मी बघतो. तुझ्या त्या रोमवाल्याचं काय म्हणणं? एकदा पडलं की पडलं?"

"हो."

"मग घाल की. मोठी झाली की तिचं ती बोलंल, तिला कोण अडवतंय. पण मला एक सांग, तुमच्यात पाणी घालताना मुलीला धर्मबाप लागतो ना, तिची जबाबदारी घेणारा? तो कोण?"

मी अंतराचं दुपटं घडी करायला लागली. तोच बोलला, "तुझ्या भावालाच कर. मला शिव्या घालू दे हवं तर."

हे बालाजी बोलला. ज्याला सगळ्यांसमोर टोमणा मारला होता तो.

तर उद्या, शनिवारी दुपारी चार वाजता, आपल्या आवारातल्या कॅथलिक चर्चमध्ये फादर अंतराला बाप्तिस्मा देणार आहेत. तिथून आम्ही सरळ हॉस्पिटलला जाऊ. फादर बोलले, धर्मबाप इथे हजर नसला तरी चालतं. त्याने फक्त हो बोलायचं, त्याच्या जागी दुसरा कोणी बाळावर हात ठेवून उभा राहतो. रेमंड सर उभे राहणार आहेत. मंगळवारचं विमान आहे त्यांचं, सामान बांधायचं सोडून येणार आहेत. चर्चच्या पुस्तकात नाव मात्र ट्रेवरचं लिहायचंय.

आणि ट्रेवर फोन घेत नाय. माझा नंबर बंद करून ठेवलाय. बालाजीचा पण. सरांनी दोनदा केला, कतारचा नंबर बघून कापला. त्याला वाटतं मीच करते. शेजाऱ्यांनी माझं नाव काढलं की तो उठून जातो. त्याला ऑपरेशनचं माहीतच नाय हो. तो रागीट आहे पण दगड नाय. त्याला कळलं तर तो… मला माहीत नाय काय करेल. मला माहीत नाय, हे खरं. पण रविवारी सकाळी माझं लेकरू आत नेतील तेव्हा मी नुसती दारात बसून असणार, आणि मला त्या दोघांसारखं व्हायचं नाय, त्या सिप्रियन आणि स्तेफनसारखं. मधे समुद्र आणि बोलायचं राहिलं.

सर, आंटी, मी तुमचं नीट काही बोललीच नाय. तुम्ही मला चुकीच्या खोलीतून हाकललं नाय, याचे उपकार मी कुठे फेडू? मी शिकलेली नाय, पण तुमच्यामुळे मला प्रश्न विचारायची लाज वाटत नाय आता. तुम्ही गावी जाऊन आराम करा, आणि आंटी, तुमचे गुडघे दाखवून घ्या, दुसऱ्यांना सांगता तेवढंच. कमलिनीताई, तुम्ही मला दोन मिनिटं दिली होती आणि मी किती घेतली ते मला कळलं नाय. शशिकांत साहेब, तुमच्यासमोर घरचं सगळं काढलं. झोप नाय म्हणून जीभ सैल सुटली असेल, कुठे कोणाच्या धर्माला लागेलसं बोलली असेन, तर पोटात घाला. ऐकलंत, शुक्रन, देव तुमचं भलं करो.

आता काम. चैत्रालीताई हे भाषण आज आपल्या ग्रुपवर टाकणार आहेत, आणि खाली ट्रेवरचा नंबर. हॉलमध्ये असाल किंवा नंतर कुठे वाचत असाल, इथे अल खोरला असाल नाय तर तिकडे वसईला, एक फोन करा. वसईवरून केला तर अजून चांगलं, इंडियाचा नंबर तो घेतो. एकाचा कापेल, दोघांचा कापेल, सगळ्यांचा किती कापणार? त्याला रोम सांगू नका. कोण चुकलं ते पण सांगू नका. माझ्याबद्दल काही विचारलं तर खरं सांगा, की ती फार घाबरलीय. आणि विचारा, ट्रेवरभाऊ, अंतराचा धर्मबाप होतोस का, हो किंवा नाय. तो जे बोलेल ते मला कळवा, नाय बोलला तरी कळवा.

बागेतून येऊन तो रात्री नऊला जेवायला बसतो, म्हणजे इथले साडेसहा. आता सहा-पंचवीस झालेत. फोन काढा ना कोणीतरी.